सुरमेच्या कांठचें माहेर

आपल्याकडे गेल्या शंभर वर्षांत अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून निघाले. गोत्र, कुलस्वामिनी, मूळ गांव आणि पिढ्यांची वेल त्यांत इतक्या निगुतीनें मांडलेली असते कीं, गुहागरहून पुण्यास व पुण्याहून परदेशीं गेलेल्या घरांतील मुलासहि आपण कोठले हें एक पान उलटून सांगतां येतें. या सोयीची आपल्याला फार संवय झाली आहे. तिच्यावांचूनहि घराणीं असतात, आणि त्यांच्या मुलांनाहि आपलें मूळ शोधण्याची ओढ लागते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. सन २०१९ च्या जानेवारींत बांगलादेशांतील सिल्हेटच्या मुलुखांत आठ-दहा दिवस काढण्याचा योग आम्हांस आला, त्या वेळीं असा एक शोध आम्हीं जवळून पाहिला. प्रवासाच्या हकीकतीबरोबर तोहि आमच्या वाचकांस सांगावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

शिलाँगहून दक्षिणेस निघालेली सडक डोंगराच्या कडेकडेनें डावकीस उतरते. तेथें उमंगोट नदीवर १९३२ सालीं बांधलेला झुलता पूल आहे. हिंवाळ्यांत नदीचें पाणी इतकें निर्मळ असतें कीं, होडी अधांतरीं तरंगत असल्याचा भास व्हावा. पुलापासून थोड्याच अंतरावर आपली हद्द संपते आणि तामाबिल हें बांगलादेशाचें नाकें लागतें. मागें वळून पाहावें तों डोंगराची भिंत उभी. पुढें पाहावें तों क्षितिजापर्यंत सपाट, ओलसर जमीन. चेरापुंजीचा प्रसिद्ध पाऊस याच भिंतीवर कोसळतो आणि त्याचें पाणी खालीं सिल्हेटांत येऊन सांचतें. तेथल्या विस्तीर्ण खोलगट पाणथळांना ‘हाओर’ म्हणतात. पावसाळ्यांत हाओरांना समुद्राचें रूप येतें, गांवें बेटांसारखीं उरतात, आणि शेजारच्या वस्तींत जावयाचें तरी होडी काढावी लागते. आम्ही गेलों तेव्हां पाणी ओसरलेलें होतें व गुडघाभर चिखलांत उभे राहून शेतकरी ‘बोरो’ भाताचीं रोपें लावीत होते. वाटेंत जैंतापूर येथें जैंतिया राजांच्या काळचे मोठमोठे शिलास्तंभ दिसतात. तें राज्य १८३५ सालीं इंग्रजांनीं खालसा केलें.

सिल्हेट शहर सुरमा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलें आहे. नदीवर १९३६ सालचा लोखंडी कीन पूल असून त्याच्या पायथ्याशीं १८७४ सालीं उभारलेलें अली अमजद यांचें घड्याळ आहे. शहरांत शाहजलाल यांचा दर्गा आहे. त्याच्या आवारांतील पारव्यांना कोणी हात लावीत नाहीं. उत्तरेच्या टेकड्यांवर मालनीछडा हा १८५४ सालीं सुरूं झालेला चहाचा मळा आहे. याच प्रदेशांतील ढाकादक्षिण हें गांव चैतन्य महाप्रभूंच्या वडिलांचें, जगन्नाथ मिश्रांचें, मूळ गांव होय. ते विद्येसाठीं नवद्वीपास गेले व तेथेंच राहिले. पुढें चैतन्यदेव आपल्या आजीच्या भेटीस ढाकादक्षिणास येऊन गेले, अशी तेथील वैष्णवांची परंपरा आहे. तेव्हां दूरदेशीं वाढलेल्या नातवानें आजीचें घर धुंडीत येणें ही या भूमीला नवी गोष्ट नव्हे.

या जिल्ह्याचें नशीबहि पुष्कळदां बदललें. १८७४ सालीं तो बंगालमधून काढून आसामास जोडण्यांत आला. १९४७ च्या जुलै महिन्याच्या ६ व ७ तारखांस येथें लोकमत घेण्यांत आलें आणि त्याअन्वयें बहुतेक जिल्हा पूर्व पाकिस्तानांत गेला. करीमगंजकडील भाग तेवढा हिंदुस्थानांत राहिला. १६ डिसेंबर १९७१ रोजीं पाकिस्तानी फौजेनें शरणागति पत्करली व सिल्हेट स्वतंत्र बांगलादेशाचा भाग झालें. जिल्हा जागचा हलला नाहीं, पण एकाच जन्मांत तीन राज्यांचीं टपाल-तिकिटें लावलेलीं वृद्ध माणसें तेथें भेटतात.

येथले लोक विलायतेस कां गेले, हें कळण्यास आपल्या कोंकणाकडे पाहावें. रत्नागिरीकडचे खलाशी जसे मुंबई बंदरांतून आगबोटींवर चढत, तसे सिल्हेटचे तरुण सुरमेच्या होड्यांतून निघून कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदींत येत. तेथें गांवच्याच एखाद्या सारंगाची ओळख लावून ते इंग्रजी आगबोटींवर लागत. त्यांचें काम बहुधा बोटीच्या पोटांत, धगधगणाऱ्या भट्टींत कोळसा घालण्याचें. त्यांतले कांहीं लंडनच्या बंदरांत बोट सोडून पूर्वभागांतील गल्ल्यांतून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेंतील गिरण्या-कारखान्यांना माणसें हवीं झालीं, आणि आधीं गेलेल्यांनीं भाऊ-भाचे बोलावून घेतले. १९६२ च्या कायद्यानें कामाच्या परवान्यावांचून येण्यास बंदी झाली. त्यामुळें दार लागण्यापूर्वीं जाण्याची धांवपळ उडाली, आणि परवाने निघूं लागल्यावर तेहि ओळखीपाळखीनें त्याच तालुक्यांतील गांवांत पोंचले. विलायतेंत ज्यांना ‘हिंदी’ उपाहारगृहें म्हणतात, त्यांतील बरींचशीं प्रत्यक्षांत या सिल्हेटी मंडळींनीं चालविलेलीं आहेत. २०२१ च्या खानेसुमारींत इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें ६ लाख ४५ हजार बांगलादेशी वंशाचे लोक नोंदले गेले. त्यांत सिल्हेटींचा भरणा मोठा आहे. गांवाकडे अशा घरांना ‘लंडनी’ घरें म्हणतात. भाताच्या शेतांमधून जातांना एकाएकीं संगमरवरी फरशीचा दुमजली वाडा आणि त्याचा लोखंडी दरवाजा दिसला, कीं तें लंडनी घर समजावें. आणि दरवाजाला कुलूप असेल तर मुळींच शंका धरूं नये.

आमच्या प्रवासांतील तरुण हा अशाच एका घरचा. आमचा एक पुतण्या लंडनांत शिकत असतां तो त्याचा सहाध्यायी होता. वय सव्वीस, जन्म लंडनचा, सिल्हेट पूर्वीं कधीं पाहिलेलें नाहीं. आम्ही त्या बाजूस जाणार हें कळल्यावर पुतण्यानें लिहिलें कीं, कलकत्त्याच्या पंधरा वर्षांच्या नोकरीमुळें काकांना बंगाली लिहितां-वाचतां येतें, तर त्यांनीं माझ्या मित्राला सोबत करावी. मुलगा नम्र व थोडा अबोल होता. आमच्या कुटुंबाला तो पहिल्याच दिवशीं ‘काकी’ म्हणूं लागला. त्याच्या पिशवींत वडिलांनीं दिलेलें कुलमुखत्यारपत्र होतें. लंडनमधील राहत्या घरावरील कर्ज फेडण्यासाठीं गांवचें घर व जमीन विकावयाची, असें ठरलें होतें. गिऱ्हाईकहि तयार होतें, तेंहि लंडनीच. मुलाचा स्वतःचा हेतु एवढाच होता कीं, विकण्यापूर्वीं आपण कोण आणि कोठले हें पाहून घ्यावें.

वडिलांनीं त्याला या बाबतींत फारसें कांहीं सांगितलेलें नव्हतें, आणि त्यालाहि कारण होतें. ते १९७६ सालीं, चौदा वर्षांचे असतां, लंडनास गेले. ४ मे १९७८ रोजीं लंडनच्या पूर्वभागांत आल्ताब आली या शिवणकाम करणाऱ्या तरुण बंगाल्याचा वर्णद्वेषानें खून झाला, आणि त्यानंतर हजारों लोक त्याची शवपेटी घेऊन मोर्च्यानें गेले. त्या वयाच्या मुलांच्या मनावर त्याचा परिणाम निरनिराळा झाला. कित्येक चळवळींत पडले. कित्येकांनीं ठरविलें कीं, मुलांना या भूमींतच असें रुजवावें कीं त्यांना मागें पाहावें लागूं नये. या मुलाचे वडील दुसऱ्या वर्गांतले. ज्या ब्रिक लेनवर ते वाढले तेथील मशीद ही मूळची १७४३ सालीं फ्रेंच निर्वासितांनीं बांधलेली ख्रिस्ती प्रार्थनागृहाची इमारत. १८९८ पासून तींत यहुद्यांचें प्रार्थनामंदिर होतें आणि १९७६ सालीं ती मशीद झाली. एकामागून एक आलेले परके तेथेंच मिसळून गेले, तसे आपणहि जाऊं, असें त्यांना वाटलें असावें.

मुलाच्या शोधाला पहिली ठेंच आडनांवाची लागली. त्याचें आडनांव ‘मियाँ’. लंडनांत असतां त्यानें हें घराण्याचें नांव समजून कितीतरी नोंदी चाळल्या होत्या. बिश्वनाथ उपजिल्ह्यांतील आपल्या गांवीं आल्यावर त्यानें मियाँ घराण्याची चौकशी केली, तेव्हां चहाच्या टपरीवरील मंडळी हंसूं लागली. तेथें मियाँ म्हणजे आपल्याकडील ‘राव’ किंवा ‘पंत’! सिल्हेटी मुसलमानांत बापाचें नांव उद्दीनान्त, मुलाचें उल्लान्त, बायकोचें बेगम, बहिणीचें खातून, असा प्रकार सर्रास असतो. विलायती कारकुनाला प्रत्येकाचें आडनांव हवें, म्हणून नांवाच्या शेवटीं जें येईल तें त्यानें आडनांव ठरविलें आणि तेंच पुढें मुलांना चिकटलें. मुलाचा चेहरा उतरला. इतक्यांत एका म्हाताऱ्यानें विचारलें, ‘‘कोणत्या बाडीचा तूं?’’ त्याला उत्तर देतां येईना. पण आजोबांचें घरगुती नांव त्याला ठाऊक होतें. तें ऐकतांच चौघांनीं एकदम सांगितलें, ‘‘मग तूं मुन्शीबाडीचा!’’ बाडी म्हणजे एका पुष्करिणीभोंवतीं, उंच केलेल्या जमिनीवर राहणाऱ्या भाऊबंदांचीं घरें. तेथें माणसाची ओळख आडनांवानें होत नसून बाडीच्या नांवानें होते.

मुन्शीबाडींत आतां त्याच्या आजोबांची धाकटी बहीण राहते. वय अठ्याहत्तरांच्या आसपास. अकालीं वैधव्य आलें, मूलबाळ झालें नाहीं, आणि भावाचें कुटुंब विलायतेस गेल्यावर घराला दिवा लावण्यासाठीं ती माहेरीं परत आली. मुलगा तिला ‘दादी’ म्हणे, म्हणून आम्हीहि दादीच म्हणूं लागलों. आम्ही मांसमत्स्य खात नाहीं हें कळल्यावर दादीनें बाजारांतून नवें मडकें आणविलें आणि त्यांत भात व मुगाची डाळ आमच्यासाठीं निराळी शिजविली. पौषसंक्रांत जवळ आलेली, म्हणून तांदळाच्या पिठाचे नानापरींचे ‘पिठे’ घरोघर चालले होते. एक प्रकार तर बांबूच्या हिरव्या नळींत चिकट तांदूळ भरून गवताच्या जाळावर भाजण्याचा होता. आमच्या कुटुंबानें त्याची कृति लिहून घेतली. डाळीला त्यांनीं ‘सातकरा’ नांवाच्या जाड सालीच्या लिंबाची फोड घातली होती. मुलानें घांस तोंडांत घातला आणि तो थांबला. लंडनांत त्याची आजी हीच फोड घालीत असे. ती गेल्यापासून ती चव त्याला घडलेली नव्हती.

आम्ही महाराष्ट्रांतले हें कळल्यावर शेजारच्या बाडींतील शाळामास्तर मिस्किलपणें म्हणाले, ‘‘म्हणजे बर्गी आले म्हणावयाचे!’’ बंगालमध्यें मुलांना निजवितांना म्हणण्याच्या एका गाण्यांत या बर्गीचें भय घातलेलें आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ ते १७५१ च्या दरम्यान नागपूरकर भोसल्यांच्या ज्या स्वाऱ्या बंगाल्यावर झाल्या, त्यांची ती आठवण. त्या स्वाऱ्यांचा मारा पश्चिम बंगालवर झाला. परंतु गाणें मात्र येथपर्यंत आलें. इतिहासांत ज्या पराक्रमाचीं वर्णनें आपण वाचतों, तो दुसऱ्याच्या पाळण्यापाशीं कोणत्या रूपानें पोंचला आहे, हें त्या अंगणांत आम्हांस समजलें.

तिसऱ्या दिवशीं दादीनें पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. तींत आजोबांनीं १९६३ पासून विलायतेहून लिहिलेलीं निळीं हवाई पत्रें होतीं. येथें मोठी गंमतीची अडचण उभी राहिली. मुलाला सिल्हेटी बोली कळे, पण बंगाली अक्षर वाचतां येत नसे. आम्हांस अक्षर येई, पण दादीची बोली अर्धीमुर्धीच समजे. दादीला तर बंगाली लिपि मुळींच येत नव्हती. लहानपणीं ती ‘सिल्हेटी नागरी’ शिकली होती. ही त्या मुलुखाची निराळी लिपि. अक्षरें थोडीं, जोडाक्षरांचा जाच कमी, म्हणून बायकामाणसेंहि ती लौकर शिकत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिल्हेटांत तिचा छापखाना निघाला होता व तींतील पोथ्या घरोघर वाचल्या जात. दादीच्या पेटींत अशी एक जीर्ण पोथी होती. तिच्यांतील कांहीं अक्षरें आपल्या बाळबोधीच्या इतकीं जवळचीं, कीं आमच्या कुटुंबानेंहि दोन-चार ओळखलीं. बाडीला मुन्शी हें नांव पडलें तें अशा पोथ्या रात्रीं जमलेल्या मंडळींस वाचून दाखविणाऱ्या एका पूर्वजामुळें, असें दादीनें सांगितलें.

शेवटीं तोड निघाली. आम्हीं पत्र मोठ्यानें वाचावें, मुलानें तें कानानें ऐकून अर्थ लावावा, आणि जेथें आम्ही अडखळूं तेथें दादीनें सांगावें. आम्ही पुष्कळदां अडखळलों, कारण अक्षर पुसट झालें होतें. दादी मात्र कोठेंच अडली नाहीं. पत्रें येत त्या वेळीं शाळामास्तरांच्या वडिलांकडून तिनें तीं इतकेदां वाचून घेतलीं होतीं कीं, पहिली ओळ ऐकली म्हणजे पुढचें सारें तिला मुखोद्गत असे. पहिल्या हिंवाळ्यांतील थंडी, एका खोलींत पाळीपाळीनें निजणारे नऊजण, गिरणींतील रात्रपाळी, दरमहा पाठविलेले पैसे. कोणत्या वर्षींच्या पैशांतून पुष्करिणी खोल केली, कोणत्या वर्षींच्या पैशांतून तिचा घाट बांधला, हें सर्व त्यांत होतें. १ ऑगस्ट १९७१ रोजीं ट्रॅफल्गार चौकांत बंगाल्यांची प्रचंड सभा झाली. तिला आपण रात्रपाळी करून तसेच उभ्यानें गेलों, असेंहि एका पत्रांत होतें. तें पत्र लढाई संपल्यावर, नव्या देशांत पोंचलें.

सर्वांत महत्त्वाचें पत्र १९६६ सालचें. त्या वर्षीं पणजोबा वारले. शरीयतीप्रमाणें मुलाला दोन वांटे व मुलीला एक. म्हणजे एक भाऊ व एक बहीण असतां जमिनीचा तिसरा हिस्सा दादीचा. पण तिकडे बहुधा बहिणी आपला हिस्सा मागत नाहींत. त्याच्या बदल्यांत भावाच्या घरीं ‘नाइओर’ येण्याचा त्यांचा हक्क राहतो. दादीनेंहि हिस्सा घेतला नव्हता; आणि पुष्करिणींत पाणी आहे तोंपर्यंत तुझें नाइओर तुटणार नाहीं, असें भावानें तिला त्या पत्रीं लिहिलें होतें. ‘नाइओर’ शब्दाचा अर्थ आम्ही मुलाला इंग्रजींत सांगूं लागलों, तों तो आम्हांस नीट सांगतां येईना. आमच्या कुटुंबानें मात्र एका शब्दांत सांगून टाकलें, ‘‘माहेर!’’ आणि मग माहेर म्हणजे काय, हें तिनें त्या मुलाला अर्धा तास समजावून सांगितलें. आमच्या वाचकभगिनींस तें सांगावयास नकोच.

व्यवहाराची बाजू यानंतर उघड झाली. खतियानांत, म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्यासारख्या दप्तरांत, अद्याप पणजोबांचेंच नांव होतें. त्यामुळें विक्रीच्या कागदावर दादीचा अंगठा लागणार होता. दादीला तें आधींपासून माहीत होतें. ठरल्या दिवशीं दस्त लिहिणारा कागद घेऊन आला. दादीनें हात धुतले, पदराला पुसले, आणि अंगठा पुढें केला. ‘‘तुझ्या बापाला गरज आहे ना? मग झालें,’’ एवढेंच ती म्हणाली. आपण पुढें कोठें राहणार, हें तिनें विचारलें नाहीं. मुलानें शाईची डबी बंद करून खिशांत ठेवली व लेखकास दुसऱ्या दिवशीं येण्यास सांगितलें.

त्या रात्रीं तो पुष्करिणीच्या घाटावर बसून वडिलांशीं दूरध्वनीवर बोलला. वडिलांची अडचण खोटी नव्हती. उपाहारगृहांतील उभ्यानें करण्याचें काम त्यांना आतां झेपत नव्हतें, आणि कर्जाचे हप्ते तर चुकत नव्हते. मुलानें १९६६ चें पत्र, त्याला समजलें तसें, आपल्या बोलींत त्यांना सांगितलें. पलीकडून बराच वेळ शब्द आला नाहीं. मग त्यांनीं विचारलें, ‘‘घाटाची डावीकडची पायरी अजून हलते का?’’ मुलानें उठून पायरीवर पाय ठेवून पाहिला, आणि ती हलते असें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं निरोप आला कीं, हाओराकडील शेत विकावें. बाडी, पुष्करिणी आणि कबरस्तानाकडील तुकडा ठेवावा, आणि फुफूचा तिसरा हिस्सा तिच्या नांवें चढवावा. फुफू म्हणजे आत्या. या व्यवस्थेनें कर्ज निम्मेंच फिटलें. राहिलेल्याचा भार मुलानें आपल्या पगारावर घेतला आणि लग्न दोन वर्षें लांबणीवर टाकलें. वडिलांनाहि कांहीं काळ काम सोडतां आलें नाहीं. माहेर राखण्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, ती या वेळीं पुरुषांनीं दिली, एवढाच येथें विशेष.

पुतण्याकडून मागाहून कळलें कीं, तो मुलगा बंगाली मुळाक्षरें शिकला. पूर्वीं आपली घरगुती बोली अडाणी म्हणून तो चारचौघांत बोलण्यास लाजत असे. आतां तीच बोली कागदावर उतरविण्याचा त्याचा उद्योग चालूं आहे. दर शुक्रवारीं तो दादीला दूरध्वनि करतो आणि एकेक पत्र स्वतः वाचून दाखवितो. तो चुकला कीं दादी सुधारते.

आतां आमच्या वाचकांस एक विनंति. आपल्या घरांच्या माळ्यावर, देवघरांतील कपाटांत किंवा गांवच्या वाड्यांतील पेटाऱ्यांत मोडी कागदांचीं दप्तरें अद्याप पडून आहेत. तीं वाचूं शकणारे आजोबा बहुतेक घरांतून निघून गेले, आणि दप्तरांना कसर लागत आहे. छापील कुलवृत्तान्तांत पिढ्यांचीं नांवें मिळतात. पण कोणत्या आत्यानें आपला वांटा सोडला, कोणत्या काकानें कोणाचें कर्ज फेडलें, आणि त्या वेळीं कोणी कोणाला काय वचन दिलें, हें त्या कागदांतच असावयाचें. मोडी शिकण्यास फार दिवस लागत नाहींत. घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें येत्या सुटींत ती शिकावी, घरच्या वडील बायकांना जवळ बसवावें, आणि पहिलें दप्तर सोडावें.